पाषाणनगरी ताश्कंद

काही गावांची नावे माणसाच्या मनात एकाच दिवसाशी जखडून बसतात. ताश्कंदचे तसेच झाले आहे. १९६६च्या जानेवारीची ११ तारीख. पहाटे पहाटे रेडिओने बातमी दिली की पंतप्रधान लालबहादूर शास्त्री ताश्कंद येथे हृदयविकाराने निवर्तले. आदल्या दिवशी सायंकाळी त्यांनी पाकिस्तानचे अध्यक्ष अयुबखान यांच्याबरोबर करारावर सही केली होती. सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन मध्यस्थ होते. ४ जानेवारीपासून बोलणी चालली होती. संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाण शास्त्रीजींसोबत गेले होते. देवराष्ट्र्याला जन्मलेल्या ह्या मराठी माणसाने १९६५चे युद्ध दिल्लीत बसून सांभाळले होते, आणि त्या युद्धाचा शेवट पाहण्यासाठी गेला असता पंतप्रधानांचा मृतदेह घेऊन परतण्याची वेळ त्याच्यावर आली. शास्त्रीजींच्या शवपेटिकेला कोसिगिन यांनी खांदा दिला, तसाच काही महिन्यांपूर्वीचा शत्रू जो अयुबखान त्यानेही दिला. 

तेव्हापासून मराठी घरात ताश्कंद म्हटले की म्हातारी माणसे जरा गप्प होतात, आणि तरुणांना ते स्पर्धापरीक्षेतल्या एका करारापलीकडे ठाऊक नसते. परंतु कुठल्याही शहरावर हा अन्यायच आहे. दोन हजार वर्षे नांदलेल्या नगरीची ओळख एका रात्रीवरून करून घ्यायची, ही काही शहाण्या शेजाऱ्याची रीत नव्हे. आणि ताश्कंद आपले शेजारीच आहे. दिल्लीहून ते हवाई मार्गाने सुमारे दीड हजार किलोमीटर. मुंबईहून कलकत्ता काही याहून जवळ नाही. तेव्हा ह्या दिवाळीच्या निवांत दिवसांत, फराळाचे ताट बाजूला ठेवून किंवा न ठेवताही, वाचकांनी आमच्याबरोबर ह्या उझबेकी राजधानीत एक फेरफटका करावा. पाहताना आपल्या मराठी मुलुखाची आठवण पदोपदी झाली तर आश्चर्य मानू नये. ती का होते, हेच सांगायचे आहे.

प्रथम नावाचे पाहू. तुर्की भाषेत ‘ताश’ म्हणजे दगड आणि ‘कंद’ म्हणजे नगर. ताश्कंद म्हणजे पाषाणनगरी. समरकंदमधला कंदही हाच. मौज अशी की ह्या पाषाणनगरीत जुने घर पाहावे तर ते दगडाचे नाही, मातीच्या विटांचे. दगडाची नगरी मातीची, आणि आपल्याकडे मातीत मिळाली म्हणून ज्यांची कीव करतो ते किल्ले दगडाचे! त्याहून जुने नाव ‘चाच’. अरबांच्या तोंडी च नसल्याने त्याचे ‘शाश’ झाले. 

ह्या चाचमधून इ. स. ६३०च्या सुमारास एक चिनी भिक्षू गेला. त्याचे नाव युआन श्वांग. आमच्या शाळेच्या पुस्तकात त्याला ह्युएन त्संग म्हणत. बुद्धाची भूमी पाहायला निघालेला हा माणूस चाच, समरकंद, बाल्ख असे करीत हिंदुस्थानात आला, आणि दहाएक वर्षांनी हिंडत हिंडत थेट महाराष्ट्रात पोहोचला. तेव्हा येथे दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. उत्तरेचा सम्राट हर्ष ज्याला नमवू शकला नाही, असा राजा. युआन श्वांगने महाराष्ट्रातील लोकांचे जे वर्णन लिहून ठेवले त्याचा मथितार्थ असा की हे लोक मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. वर्णन वाचून अजूनही कोणी मराठी माणूस तक्रार करील असे वाटत नाही. डोंगरात कोरलेल्या ज्या विहाराचे त्याने वर्णन केले तो अजिंठ्याचा असावा असे विद्वान मानतात. म्हणजे ताश्कंद आणि महाराष्ट्र ह्या दोन्ही नावांची गाठ एकाच माणसाच्या रोजनिशीत तेराशे ऐंशी वर्षांपूर्वीच पडलेली आहे.

चाचचा आणखी एक उपकार आपल्या हातात आहे, अगदी शब्दशः. आठव्या शतकात चाचच्या राजाला एका चिनी सेनापतीने धरून नेले आणि तो मारला गेला. राजपुत्र अरबांकडे मदतीला धावला. ७५१ साली तलास नदीच्या काठी अरबांनी चिनी सैन्याचा पराभव केला. त्या लढाईत पकडलेल्या चिनी कारागिरांनी समरकंदला कागद करण्याची विद्या नेली अशी परंपरा आहे. तेथून ती बगदादला, आणि पुढे जगभर गेली. दिवाळी अंक कागदावर छापून घरोघर जातात, त्या कागदाच्या वंशावळीत चाचच्या एका दुर्दैवी राजाचे नाव असे लागते.

आता शहरात शिरू. जुने ताश्कंद बारा वेशींचे होते. आत चार पेठा: शेखंतहूर, बेशयोगोच, कुकचा आणि सेबझार. चिरचिक नदीचे पाणी कालव्यांनी शहरभर खेळवलेले. ह्या कालव्यांतला एक अनहोर. हा कालवा लक्षात ठेवावा. १८६५ साली रशियन सेनापती चेर्न्यायेव दोन हजारांहून कमी शिपाई घेऊन आला आणि त्याने हे मोठे शहर जिंकले. मग रशियनांनी अनहोरच्या पलीकडे आपले वेगळे शहर आखले. रुंद सरळ रस्ते, झाडांच्या रांगा, कचेऱ्या, बंगले. अलीकडे गल्ल्याबोळांचे मातीचे जुने गाव. पलीकडे फूटपट्टीने आखलेले नवे. दोहोंमध्ये एक कालवा आणि दोन शतके. इंग्रजांनी पुण्यात पेठांपासून दूर लष्कर वसवले त्याचीच ही तुर्कस्तानी आवृत्ती म्हणावी.

जुन्या पेठांतले पहिले दर्शन शेखंतहूरचे घ्यावे. चौदाव्या शतकातील शेख खावंद-ए-तहूर ह्या साधूच्या कबरीभोवतीचे हे आवार. तेथेच एक कबर युनूसखानाची आहे. तो १४८७ साली वारला. हा मुघलिस्तानचा खान, चंगीझखानाच्या वंशातला. त्याची मुलगी कुतलुग निगार हिचा मुलगा म्हणजे बाबर. ज्या घराण्याने हिंदुस्थानावर राज्य केले, ज्याच्याशी आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या झुंज घेतली, त्या घराण्याचे आजोळ हे ताश्कंद! शैबानीखान उझबेकाने समरकंदातून हुसकून लावल्यावर वीस वर्षांचा बाबर ह्या आजोळी मामाच्या आश्रयाला आला होता. राज्य नाही, पैसा नाही, चाकर पांगलेले. मामाच्या दारी खाली मान घालून काढलेले ते दिवस त्याने आत्मचरित्रात मनमोकळेपणाने लिहिले आहेत. मामाकडचे अन्न गोड असते ही आपल्याकडची समजूत. बाबराला मात्र ते कडू लागले. 

युनूसखानाच्या ह्या कबरीसमोर उभे राहिले की मराठी माणसाला दुसरी एक कबर आठवल्याशिवाय राहत नाही. ती वेरूळजवळ खुलताबादला आहे. तिच्यावर घुमट नाही, छप्पर नाही. बाबराचा वंशज औरंगजेब १६८१च्या अखेरीस दक्षिणेत उतरला, पंचवीस वर्षे मराठ्यांशी लढला आणि १७०७ साली अहमदनगरजवळ भिंगारला मरण पावला. १४८७ ते १७०७. दोनशे वीस वर्षे. एका टोकाला आजोबाची कबर, दुसऱ्या टोकाला त्या वंशातल्या शेवटच्या मोठ्या बादशहाची. मधल्या साऱ्या इतिहासाला आपण मोगलाई म्हणतो. त्याचा शेवट सह्याद्रीच्या लोकांनी केला, आणि आरंभ ह्या मातीच्या विटांच्या शहरात झाला.

शेखंतहूरहून चोर्सूकडे वळले की उंचवट्यावर कुकेलदाश मदरसा दिसतो. सोळाव्या शतकातील ही इमारत. उंच कमान, निळ्या-पांढऱ्या कौलांची नक्षी. मदरसा म्हणून बांधली. मध्यंतरी ती सराई झाली, मग किल्ल्यासारखी वापरली गेली, भूकंपांनी ढासळली, सोव्हिएत राजवटीत तिच्यात संग्रहालय होते, आणि आता पुन्हा मदरसा. आम्हांला तिच्या नावात रस आहे. कुकेलदाश म्हणजे दूधभाऊ. हा ‘दाश’ दगडाचा नव्हे, सोबत्याचा. खानाच्या दाईचा मुलगा वाढून वजीर झाला म्हणजे त्याला हा किताब मिळे. हाच शब्द मोगलांबरोबर दक्षिणेत आला आणि ‘कोकलताश’ झाला. 

आता आठवा शिवछत्रपतींच्या काळातला बहादूरखान कोकलताश! औरंगजेबाचा हा दूधभाऊ दक्षिणेचा सुभेदार होता. भीमेच्या काठी पेडगावला त्याने आपली छावणी भक्कम केली आणि तिला बहादूरगड नाव दिले. १६७४ साली, राज्याभिषेकानंतर लवकरच, मराठ्यांची एक तुकडी त्या छावणीकडे आली. खान फौज घेऊन तिच्या पाठी लागला. तुकडी पळू लागली आणि त्याला दूरवर घेऊन गेली. इकडे दुसऱ्या तुकडीने मोकळ्या पडलेल्या गडात शिरून एक कोटीचा ऐवज आणि दोनशे घोडे नेले असे सांगतात. खान परतला तेव्हा गडात राख होती. कुकेलदाशच्या कमानीखाली उभ्या असलेल्या उझबेकी पोरांना ही गोष्ट सांगितली तर ती हसतील, कारण दूधभावाला असे फसवणे त्यांनाही कळेल. मात्र त्याच बहादूरगडावर १६८९ साली संभाजीराजांना कैद करून आणले होते, हे आठवले की आपले हसू मावळते.

तिसरे स्थळ हस्त इमाम. दहाव्या शतकातील पंडित कफ्फाल शाशी ह्यांची ही जागा. कबरीवरची इमारत सोळाव्या शतकातली. ‘शाशी’ म्हणजे चाचचे राहणारे, आणि ‘कफ्फाल’ म्हणजे कुलपे घडवणारा. आपला कुलूप हा शब्द अरबी ‘कुफ्ल’चाच अवतार आहे. म्हणजे घराला कुलूप लावून दिवाळीत गावी जाणारा प्रत्येक मराठी माणूस ह्या पंडिताच्या आडनावाचा उच्चार करून जातो! समोर बराकखान मदरसा. पलीकडे २००७ साली बांधलेली भव्य मशीद. तिच्या ओसरीचे कोरीव खांब हिंदुस्थानी चंदनाचे आहेत असे तेथले लोक अभिमानाने सांगतात. 

परंतु हस्त इमामच्या परिसराची खरी कीर्ती एका ग्रंथामुळे आहे. कातड्यावर लिहिलेली कुराणाची ही अतिप्राचीन प्रत. श्रद्धाळू तिला तिसरे खलिफा उस्मान यांची प्रत मानतात. अक्षरांच्या वळणावरून विद्वान तिचा काळ आठव्या-नवव्या शतकाच्या आसपास धरतात. दोन्ही मते बाजूला ठेवली तरी ह्या ग्रंथाचा प्रवास थक्क करणारा आहे. तैमूरने तो समरकंदला आणला अशी दंतकथा. १८६९ साली रशियनांनी तो सेंट पीटर्सबर्गला नेला. राज्यक्रांतीनंतर तो उफा शहरी गेला आणि १९२०च्या दशकात ताश्कंदला परतला. देव न मानणाऱ्या राजवटीने तो संग्रहालयात ठेवला, आणि १९८९ साली पुन्हा धर्मपीठाच्या हवाली केला. ग्रंथ राज्यांपेक्षा चिवट असतात. गाथा नदीत बुडवली तरी तरते ह्या श्रद्धेवर वाढलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

आता पोटोबा. चोर्सू हा ताश्कंदचा मोठा बाजार. नावातल्या ‘चोर’ला भिऊ नये, तो आपला ‘चार’च. चार वाटांचा हा बाजार, त्यावर १९८० साली घातलेला प्रचंड निळा घुमट. आत शिरावे आणि कान उघडे ठेवावेत. बाजार, मैदान, दरवाजा, पियाला, दोस्त, मेवा, अनार, हे शब्द थोड्या वेगळ्या सुरात पण ओळखीच्या माणसासारखे भेटतात. नानला ‘नोन’, समोशाला ‘सोमसा’. सोमसा तळत नाहीत, तंदूरच्या भिंतीला चिकटवून भाजतात. मात्र काही शब्द फसवतात. ‘सब्जी’ मागितली तर बाई गाजरे पुढे करते, कारण उझबेकीत सब्जी म्हणजे फक्त गाजर. ‘पूल’ कुठे आहे असे विचारू नये. ‘पूल’ म्हणजे पैसा! गाजर, मांस आणि तांदूळ यांचा पलाव मोठमोठ्या कढयांत शिजतो, आणि लग्नकार्यात तो पहाटेच पाहुण्यांपुढे येतो. खरबुजांच्या राशी तर डोळ्यांत मावत नाहीत. हिंदुस्थानचे राज्य मिळाल्यावरही बाबराला एक खरबूज कापताना मायदेशाच्या आठवणीने रडू आले, हे त्याने स्वतःच्या हाताने लिहिले आहे. राज्य जिंकता येते, माहेरचा स्वाद जिंकून आणता येत नाही.

ह्या बाजाराच्या शेजारी टेकाडावर खोजा अहरार यांच्या नावाची जुम्मा मशीद आहे. मूळ पंधराव्या शतकातील. हल्लीची इमारत नवी. खोजा अहरार हे १४०४ साली ताश्कंदच्या मुलखात जन्मलेले नक्शबंदी संप्रदायाचे थोर पुरुष. बाबराच्या घरात त्यांचा मोठा मान. आता गंमत पाहा. ह्या नक्शबंदी संप्रदायाचा एक साधू सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात बुखाऱ्याजवळच्या गिझदुवानहून निघाला आणि येऊन राहिला कुठे? आपल्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला! त्याचे नाव बाबा शाह मुसाफिर. खामच्या काठी ज्या पाणचक्कीला शाळेची सहल हटकून नेतात, ती ह्याच मुसाफिराच्या तकियाची. डोंगराकडच्या झऱ्याचे पाणी खापरी नळांतून शहरात आणून उंचावरून सोडले, त्या पाण्याने जाते फिरले आणि त्या पिठाच्या भाकरीवर यात्रेकरू, फकीर जेवले. कालव्यांच्या देशातून आलेल्या माणसांनी आपल्या दगडी मुलखात पाण्याला चालायला शिकवले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही; अर्थात मलिक अंबरने त्यापूर्वीच ह्या गावाला नहर दिली होती, हेही विसरू नये. मोगल दरबारातल्या ज्या सरदारांना आपण ‘तुराणी’ म्हणतो ते ह्याच मुलखातले. निजामुल्मुल्काचे आजोबा समरकंदकडून आले आणि १६८७ साली गोवळकोंड्याच्या वेढ्यात पडले. त्यांच्या नातवाला थोरल्या बाजीरावाने १७२८ साली पालखेडला कोंडले. तेव्हा मराठ्यांचा इतिहास सह्याद्रीवर उभे राहून वाचायचा असला, तरी त्याची काही पाने ह्या नदीकाठी फडफडत आहेत.

आता अनहोर ओलांडून नव्या शहरात येऊ. मधोमध तैमूर चौक. ह्या चौकाची कथा मोठी बोधप्रद आहे. १९१३ साली येथे रशियन गव्हर्नर-जनरल काउफमान याचा पुतळा बसला. राज्यक्रांतीने तो काढला. पुढे स्तालिन आला. तोही गेला. मग १९६८च्या सुमारास कार्ल मार्क्सचे मस्तक बसले. १९९१ साली उझबेकिस्तान स्वतंत्र झाला आणि १९९३ पासून तेथे घोड्यावर बसलेला तैमूर आहे. हा तोच, ज्याने १३९८ साली दिल्ली लुटली. आपल्याला तो लुटारू, त्यांना राष्ट्रपुरुष. इतिहासाचे पुस्तक सीमेच्या कुठल्या बाजूला छापले यावर पुष्कळ काही अवलंबून असते. पुतळ्यांच्या ह्या उठाबशा पाहून मुंबईकराला काळा घोडा आठवतो. सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ साली तेथून हलवला, तो राणीच्या बागेत गेला. चौकाचे नाव मात्र लोकांनी घोड्यावरूनच चालू ठेवले. अखेर २०१७ साली तेथे पुन्हा घोडा आला, पण पाठीवर स्वार नसलेला. आम्हांला विचाराल तर ही युक्ती ताश्कंदने आधीच करायला हवी होती. पुतळे घडवणाऱ्यांचे कष्ट वाचले असते!

चौकापासून जवळच नवाई नाट्यगृह आहे. मॉस्कोतील लेनिनची समाधी ज्याने आखली त्या श्चुसेवनेच ह्याचा आराखडा केला. १९४७ साली ते उघडले. त्यात सहा दालने, ताश्कंद, समरकंद, बुखारा, ख्वारझम, फरगाणा आणि तेर्मेझ ह्या सहा प्रदेशांच्या नक्षीने सजवलेली. युद्धात पकडलेल्या जपानी कैद्यांनी ह्या इमारतीच्या बांधकामात काम केले. कैद्याने शत्रूची इमारत कशी बांधावी? तेथले लोक सांगतात की ह्यांनी ती जीव ओतून बांधली. ह्याचा पुरावा मिळायला फार वर्षे लागली नाहीत. 

शास्त्रीजींच्या निधनाला साडेतीन महिने झाले होते. १९६६च्या एप्रिलची २६ तारीख, पहाटेचे ५ वाजून २३ मिनिटे. ताश्कंदच्या ऐन मध्याखाली जमीन हलली. रिश्टर मापाने धक्का सुमारे ५चा, म्हणजे फार मोठा नव्हे. पण केंद्र अगदी पायाखाली, काही किलोमीटर खोल. मातीच्या विटांचे शहर बसले. तीन लाखांहून अधिक माणसे बेघर झाली. नवाई नाट्यगृह उभे राहिले. त्या भूकंपाच्या स्मारकात एक काळ्या दगडाचा चौकोन दुभंगलेला दाखवला आहे आणि त्यावर घड्याळ कोरले आहे. त्यात ५ वाजून २३ मिनिटे झालेली आहेत, ती कायमची. 

सोव्हिएत संघाच्या सर्व प्रांतांतून गवंडी, सुतार, तंत्रज्ञ आले आणि त्यांनी नवे ताश्कंद बांधले. रुंद रस्ते, कारंजी, उंच इमारतींच्या रांगा. १९७७ साली भुयारी रेल्वे सुरू झाली, मध्य आशियातील पहिली. तिची स्थानके म्हणजे जमिनीखालची नाट्यगृहे. अंतराळवीरांच्या नावाच्या स्थानकात गागारिन नि तेरेश्कोवा यांच्याबरोबर समरकंदचा ज्योतिषी-राजा उलूगबेगही भिंतीवर आहे. त्याच्या ग्रहगणितावरून सवाई जयसिंगाने आपली वेधशाळांची कामे पुढे नेली, आणि त्यांतली एक उज्जैनला अजून उभी आहे. ही स्थानके संकटकाळी आश्रयस्थान म्हणून बांधलेली असल्याने तेथे छायाचित्र घ्यायला मनाई होती. ती २०१८ साली उठली.

शास्त्रीजींच्या नावाचा रस्ता ताश्कंदात आहे, त्यांचा अर्धपुतळा आहे, त्यांच्या नावाच्या शाळेत उझबेकी मुले हिंदी शिकतात. तेथले वयस्क लोक हिंदी माणूस दिसला की राज कपूरचे नाव घेतात. शोकाच्या जागी स्नेह लावावा, हे ह्या शहराला कळले आहे.

सहल येथे संपली असे कोणी म्हणेल. परंतु एक गोष्ट राहिली. प्रवाशाला जे दाखवतात ते मदरसे, घुमट, नाट्यगृहे. जे पाहायला कोणी नेत नाही, आणि जे झपाट्याने नाहीसे होत आहे, ते म्हणजे मोहल्ले. जुन्या ताश्कंदाचा खरा प्राण तोच. आंधळ्या भिंतींची अरुंद गल्ली, आत शिरले की अंगण, अंगणात द्राक्षाचा मांडव आणि एक खाट. प्रत्येक मोहल्ल्याचा एक ‘ओकसाकोल’, म्हणजे पांढऱ्या दाढीचा वडीलधारा. भांडण त्याच्याकडे, लग्न त्याच्या साक्षीने. कुणाचे घर बांधायचे तर सारा मोहल्ला ‘हशर’ करी. मजुरी नाही, संध्याकाळी पलावाचे जेवण. आपल्या शेतकऱ्याची इर्जिक ती हीच. भूकंपाने मोहल्ले पाडले, त्याहून अधिक पुनर्रचनेने पाडले. २०१७ नंतर नव्या व्यापारी वसाहतीसाठी शहराच्या मध्यावरचे आणखी काही गेले. २००९ साली तैमूर चौकातले जुने चिनारही तोडले गेले. भूकंपाला नाव, तारीख आणि स्मारक असते. आराखड्याने जे पडते त्याचे घड्याळ कोणी कोरून ठेवत नाही.

हे आम्हांला विशेष जाणवते याचे कारण आम्ही तळवलीचे राहणारे. ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेला, घणसोली-रबाळ्याच्या शेजारी हे गाव. नवी मुंबई ज्या गावांच्या जमिनींवर उभी राहिली त्यांतले एक. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाली. ठाणे-रायगडातल्या ९५ गावांची भातखाचरे आणि मिठागरे शहरासाठी घेतली गेली. मोबदल्यासाठी आगरी-कोळी शेतकरी दि. बा. पाटलांच्या मागे उभे राहिले. १९८४च्या जानेवारीत उरणच्या बाजूला जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण गेले, आणि त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. आज ह्या भागात एका बाजूला क्रमांकांची सेक्टरे, दुसऱ्या बाजूला नावांची गावठाणे. मधे अनहोर कालवा नाही, एक डांबरी रस्ता आहे एवढेच. रस्त्याच्या अलीकडे पत्ता विचारला तर आकडा सांगतात. पलीकडे विचारला तर माणसाचे नाव सांगतात.

नव्या शहराला आमचा विरोध नाही. भूकंपात मेलेल्या विटांच्या घरापेक्षा पक्के घर बरे, आणि खारजमिनीत उकिडवे बसून मीठ ओढण्यापेक्षा शाळा-दवाखाना बरा, हे मान्यच आहे. ताश्कंदने आम्हांला इतकेच शिकवले की शहर दोन प्रकारच्या वस्तूंनी बनते. एक, ज्यांना कुलूप लावून, तिकीट लावून जपता येते: ग्रंथ, घुमट, नाट्यगृह. दुसरी, ज्यांना कुलूप लावताच येत नाही: हशर, ओकसाकोलचा शब्द, गावकीची बैठक, शेजाऱ्याच्या अंगणातून पुढच्या गल्लीत जायची वाट. पहिल्या प्रकारच्या वस्तू सरकार जपते. दुसऱ्या प्रकारच्या रोज वापरल्या तरच टिकतात.

तेव्हा कोणी ताश्कंदला गेले तर हस्त इमाम पाहावे, कुकेलदाश पाहावे, शास्त्रीजींच्या पुतळ्याला फूल वाहावे. मग तासभर काढून एखाद्या उरलेल्या मोहल्ल्यातून पायी चालून यावे. आणि जे जाणार नाहीत त्यांनी ह्या दिवाळीत आपापल्या जवळच्या गावठाणात संध्याकाळी एक चक्कर मारावी. सेक्टरातल्या दिव्यांच्या माळा विजेच्या असतील, त्याही सुंदरच. पण गावठाणात अजून कुठे उंबऱ्यावर पणती दिसेल, आणि तिच्याजवळ बसलेली म्हातारी विचारील, “कोनाचा रे तू?” हा प्रश्न विचारणारे माणूस जोवर दारात बसलेले आहे तोवर गाव शाबूत आहे, मग त्याच्या चारी अंगांनी कितीही उंच शहर उभे राहो.